विश्लेषण : मुनगंटीवार, वडेट्टीवार, येरावार... आडनावांतला हा ‘वार’ आला कुठून?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. गावातल्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या वाचत गेले, तर किराणा असो, कापड असो की कृषी केंद्र, आडनावामागून आडनाव ‘वार’ने संपते. २०२२ पासून येथे बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा मोठा सिमेंट प्रकल्प सुरू झाला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे नोकरीला आली. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : तुम्ही मूळचे तेलुगू का? उत्तरही ठरलेले असते. नाही हो, आम्ही इथलेच.

प्रश्नही बरोबर आहे आणि उत्तरही. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे, हे समजायला आडनावाच्या शेवटच्या दोन अक्षरांत शिरावे लागते.

आधी एक हिशेब. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी तीन ‘वार’ आडनावांनी जिंकल्या : बल्लारपूरमधून सुधीर मुनगंटीवार, ब्रह्मपुरीतून विजय वडेट्टीवार आणि चंद्रपूरमधून किशोर जोरगेवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या सात जागांपैकी दोन : यवतमाळमधून मदन येरावार आणि मुकुटबन ज्या मतदारसंघात येते त्या वणीतून संजीवरेड्डी बोदकुरवार. दोन जिल्हे, तेरा आमदार, त्यांत पाच ‘वार’. २०२४ मध्ये यवतमाळचे दोघे पराभूत झाले, चंद्रपूरचे तिघे मात्र पुन्हा निवडून आले. पक्ष वेगळे, समाज वेगळे, शेपूट एकच.

‘वार’ म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘वार’ शब्दाला अर्थांची कमी नाही. सोमवार-मंगळवारमधला वार आहे, तलवारीचा वार आहे, नऊवारी लुगड्यातला मापाचा वार आहे, ‘तपशीलवार’मधला फारसी वळणाचा प्रत्ययही आहे. आडनावातल्या ‘वार’चा यांतल्या एकाशीही संबंध नाही. तो तेलुगूतल्या ‘वारु’ या शब्दातून आला आहे.

तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ते लोक’, ‘ती मंडळी’. एकाच माणसाबद्दल आदराने बोलतानाही हाच शब्द वापरतात, जसे आपण ‘अण्णा आले’ असे अनेकवचनात म्हणतो. घराण्याच्या नावापुढे ‘वारु’ लावले की अर्थ होतो ‘अमुक घरची मंडळी’. आपल्याकडे ‘देशमुखांकडचे’, ‘जोशी मंडळी’ म्हणतात, अगदी तसे. म्हणजे चिंतावार याचा सरळ मराठी अनुवाद ‘चिंता घराण्यातले’.

तेलुगू चित्रपट पाहणाऱ्यांनी हा शब्द ऐकलेला आहे, फक्त लक्षात आलेला नसतो. महेशबाबूचा २०२२ मधला ‘सरकारु वारि पाटा’ आठवा. त्यातला ‘वारि’ म्हणजे ‘वारु’चेच षष्ठीचे रूप, ‘सरकारांचा’. जुन्या तेलुगू चित्रपटांच्या श्रेयनामावलीत निर्मितिसंस्थेच्या नावापुढेही हाच ‘वारि’ असतो.

तेलुगू शब्द सहसा स्वरावर संपतात. मराठीला शब्दाच्या टोकाचा असा ऱ्हस्व स्वर फार काळ सांभाळायची सवय नाही. ‘वारु’तला उकार गळाला आणि ‘वार’ उरला.

हा प्रकार एकट्या तेलुगूचा नाही. कन्नडमध्ये ‘अवरु’ म्हणजे ‘ते’. बेळगाव-धारवाड पट्ट्यात ‘-अन्नवर’ने संपणारी आडनावे आहेत, ती ‘वार’ची चुलतभावंडे. रशियात उरल आणि सायबेरियाकडे ‘चेर्निख’सारखी आडनावे असतात, त्यांतला ‘-इख’ही ‘अमक्यांच्या घरचा’ असेच सांगतो. याउलट मराठीचा ‘कर’ आणि जर्मनचा ‘-अर’ हे गाव सांगणारे प्रत्यय. बर्लिनर म्हणजे बर्लिनकर. हॅम्बर्गर हे खाद्य नावापुरते का होईना ‘हॅम्बुर्गकर’च आहे.

मग तेलंगणात मुनगंटीवार का सापडत नाहीत?

खरी गंमत इथे आहे. शब्द तेलुगू, पण ‘वार’ जोडलेले आडनाव तेलंगणातल्या कागदपत्रांवर सहसा दिसत नाही. तिकडे आडनावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात. ‘इल्लु’ म्हणजे घर, ‘इंटि’ म्हणजे घराचे, ‘पेरु’ म्हणजे नाव. हे घरनाव माणसाच्या नावाआधी येते आणि बहुतेक वेळा एका अक्षरात आक्रसते. एन. टी. रामाराव यांतला ‘एन’ म्हणजे नंदमुरी. पी. व्ही. नरसिंह राव यांतला ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती. ‘वारु’ हा शब्द बोलण्यात, लग्नपत्रिकेत, आदरापोटी येतो. शाळेच्या दाखल्यावर येत नाही.

नरसिंह रावांचे उदाहरण विदर्भाला जवळचे आहे. ते नागपुरात कायदा शिकले, उत्तम मराठी बोलत, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली आणि १९८४ व १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे घराणे चार पिढ्यांपूर्वी वणी-मुकुटबनकडे येऊन स्थिरावले असते, तर देशाच्या नवव्या पंतप्रधानांचे नाव ‘नरसिंहराव पामुलपर्तीवार’ असे लागले असते.

मराठी मुलखात आले की दोन गोष्टी बदलतात. घरनाव पुढून मागे जाते, कारण येथे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव असा क्रम आहे. आणि ‘कुठले? कोणाकडचे?’ या प्रश्नाचे बोलीतले उत्तर, म्हणजे ‘अमुक वारु’, हेच आडनाव म्हणून वहीत उतरते. आजूबाजूला सगळे ‘कर’ असताना ‘वार’ कानाला खटकतही नाही. पाटवारी, मास्तर, दुकानदार, सगळ्यांनी ऐकले तसे लिहिले, असा प्रवास झाला असणार हे ताडायला भाषाशास्त्रज्ञ असावे लागत नाही.

म्हणजे ‘वार’ पाहून एखाद्याला ‘बाहेरचा’ ठरवणारा चुकतो. घराणे कधीकाळी तेलुगू बोलत होते एवढेच त्यातून कळते. पण आडनाव आजच्या रूपात तयार झाले ते नदीच्या या काठाला, मराठी शेजाऱ्यांमध्ये राहून.

‘वार’ काढला की काय उरते?

उरते ते तेलुगू घरनाव. मराठी कानाला त्यातले काही शब्द चक्क फसवतात.

चिंतावार घराण्याचा काळजीशी काही संबंध नाही. तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंच, आणि ‘चिंता’ हे तिकडे चांगले परिचित घरनाव आहे. चिंतलवारमधला ‘ल’ तेलुगूतल्या अनेकवचनाचा, म्हणजे ‘चिंचांचे’. मामिडवारमध्ये ‘मामिडि’, म्हणजे आंबा. कोंडावारमध्ये धान्याचा कोंडा शोधू नये, ‘कोंडा’ म्हणजे डोंगर. तोटावार यांना तोटा झालेला नाही, ‘तोटा’ म्हणजे बाग किंवा मळा. गादेवारांचा गादीशी संबंध नाही, ‘गादे’ म्हणजे धान्य साठवायची कणगी. येरावारमधला ‘येरा’ तेलुगूतल्या ‘येर्रा’शी, म्हणजे तांबड्याशी जुळतो. तेलुगूत शब्दारंभीच्या ‘ए’चा उच्चार ‘ये’कडे झुकतो, तो मराठी लिखाणाने जसाच्या तसा पकडला.

सावली भागातले काँग्रेसचे जुने नेते वामनराव गड्डमवार यांचे आडनाव सर्वांत चित्रमय. तेलुगूत ‘गड्डम’ म्हणजे दाढी, किंवा हनुवटी. घराण्यातल्या कोणा दाढीवाल्या पूर्वजाची आठवण अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात.

दुसरा मोठा गट गावांच्या नावांचा. तेलुगूत गावाला ‘ऊरु’ आणि ‘पल्ली’. बोदकुरवार, मेडपल्लीवार अशा नावांत ही शेपटे ओळखू येतात. ‘गंटी’चे कोडे थोडे अवघड आहे. ‘कल्लु’ किंवा ‘गल्लु’ म्हणजे दगड. वरंगळचे जुने नाव ओरुगल्लु, एकशिला नगरी. तेलुगू व्याकरणात ‘इल्लु’चे जसे ‘इंटि’ होते, तसे ‘ओरुगल्लु’चे ‘ओरुगंटि’ होते, म्हणजे ‘वरंगळचे’. तिकडे ओरुगंटी हे प्रसिद्ध घरनाव आहे, इकडे त्याचे झाले ओरगंटीवार. मुनगंटीवार हे आडनाव याच साच्यातले : ‘गंटी’ने संपणारे घरनाव, पुढे ‘वार’.

म्हणजे ओरगंटीवार हे आडनाव अक्षरशः उलगडले तर ‘वरंगळकर मंडळी’ होते. ‘कर’चे काम तेलुगू व्याकरणाने शब्दाच्या पोटातच करून टाकले आहे. ‘वार’ येतो तो त्यावर मान म्हणून.

तिसरा गट पदांचा किंवा समाजातल्या स्थानाचा. पोरेड्डीवारमध्ये ‘रेड्डी’ दिसतो. गडचिरोलीच्या सहकार क्षेत्रात हे नाव मोठे आहे आणि तेथे ते ‘सावकार’ या उपाधीसह घेतले जाते, अरविंद सावकार पोरेड्डीवार असे. येथे सावकार म्हणजे व्याजाने पैसे देणारा असा रोखठोक अर्थ नाही, व्यापारी घरातल्या माणसाला मानाने हाक मारायची ती रीत आहे. शेट्टी असलेली सिद्धमशेट्टीवारसारखी नावे याच पंक्तीत बसतात.

एक सावधगिरी मात्र हवी. शब्दकोश उघडून प्रत्येक आडनावाचा अर्थ लावायला बसणे धोक्याचे आहे. चिंता घराण्याच्या दारात चिंच होती, की चिंचेवरून नाव पडलेल्या गावातून ते आले, हे शब्द सांगत नाही. शब्दाचा अर्थ कळतो, घराण्याची कथा नाही.

मग पवार, तलवार यांचे काय?

ते या यादीत नाहीत. पवार हे ‘परमार’ या राजपूत कुळाच्या नावाचे मराठी रूप आहे. त्यातून ‘वार’ वेगळा केला तर हाती फक्त ‘प’ उरतो. तलवार हे पंजाबी खत्री समाजातले आडनाव, तर अहिरवार बुंदेलखंडातले. चाचणी सोपी आहे : ‘वार’ काढल्यावर तेलुगूत स्वतंत्रपणे उभे राहू शकेल असे घरनाव उरते का? कर्ण्यांची चाचणी घेऊ. ‘कर्ने’ हे तेलंगणातले घरनाव आहे, म्हणून कर्णेवार पास.

ज्येष्ठ पत्रकार आणि कादंबरीकार सुरेश द्वादशीवार यांचे आडनाव मात्र दोन्ही बाजूंनी चकवते. द्वादशी ही तिथी, तिला जोडून वार. पंचांगातले पानच वाटते. पण तो ‘वार’ सोमवार-मंगळवारचा नव्हे, घराण्याचाच.

आणखी एक समज खोडायला हवा. ‘वार’ म्हणजे एकच जात, असे अनेकांना वाटते, कारण बाजारपेठेतली कोमटी म्हणजे आर्य वैश्य समाजाची दुकाने पटकन नजरेत भरतात. प्रत्यक्षात शेती करणारे कापू आणि मुन्नूरवार, विणकर पद्मशाली, मेंढपाळ गोल्लेवार, बेलदार अशा कितीतरी समाजांत ही आडनावे आहेत. मुन्नूरवार आणि गोल्लेवार ही तर समाजांची नावेच ‘वार’ लावून मराठी झालेली. आडनावावरून जात ओळखू पाहणाऱ्याची विदर्भात फजिती होते ती बरीचशी यामुळेच.

ही कुटुंबे इकडे आली कशी?

‘आली’ हा शब्दच अर्धा खरा आहे. काही आली, आणि काही जागची हललीच नाहीत, रेषा त्यांच्यावरून गेली.

नकाशा पाहा. पैनगंगा यवतमाळ आणि आदिलाबादच्या मधून वाहते, पुढे वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. या नद्या आज राज्यांच्या सीमा आहेत. शेकडो वर्षे त्या फक्त उतार शोधून ओलांडायच्या नद्या होत्या. दक्षिणेला वरंगळ हे काकतीयांचे राजधानीचे शहर, उत्तरेला चांदा हे गोंड राजांचे. व्यापारी, विणकर, तलाव-विहिरी खोदणारे, गुरे घेऊन फिरणारे यांच्या वाटा या दोन्हींमधून जात.

वऱ्हाड हैदराबादच्या निजामाचा मुलूख होता. १८५३ च्या करारानंतर त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणीवरून ‘वुण’ जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले. कापूस, जंगलातला माल आणि रेल्वे यांनी नंतर बाजारपेठा फुगवल्या आणि व्यापारी घराण्यांना या गावांत बस्तान बसवायला कारण मिळाले.

रेषा सरकल्याची उदाहरणे फार जुनी नाहीत. राजुरा आणि किनवट हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते इकडे आले. त्या रात्री तिथले कोणतेही कुटुंब स्थलांतरित झाले नाही. जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही अजून हक्क सांगतात आणि तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची कागदपत्रे आढळतात.

आणि झरी-जामणीपुरते बोलायचे तर तेलुगूभाषक येण्याआधी हा भाग काही मराठीचा एकछत्री मुलूख नव्हता. गोंड आणि कोलाम येथे त्यांच्या आधीपासूनचे. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. आत्राम, टेकाम, मडावी, सिडाम ही त्यांची आडनावे तिसऱ्याच तत्त्वावर चालतात. ती गाव सांगत नाहीत, घर सांगत नाहीत, कूळ सांगतात. गोंडांमध्ये कुळांची विभागणी चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येवर होते आणि समान देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. मुकुटबनच्या एखाद्या शाळेची हजेरी घेतली जात असताना ऐकले, तर दोन मिनिटांत तिन्ही पद्धती कानावर पडतात.

सर्वांत मोठे ‘वार’ कोण?

पदाच्या दृष्टीने पाहिले तर निर्विवाद मारोतराव सांबशिव कन्नमवार. चंद्रपूर जिल्ह्यातले हे काँग्रेस कार्यकर्ते स्वातंत्र्यलढ्यातून वर आले. ‘कर्मवीर’ आणि ‘दादासाहेब’ या दोन्ही नावांनी ते ओळखले जात. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, कृष्ण मेनन यांना संरक्षण मंत्रालय सोडावे लागले आणि नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावले. त्यांच्या जागी २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवार महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले.

या तारखेकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मराठी भाषकांचे राज्य म्हणून महाराष्ट्र १ मे १९६० रोजी स्थापन झाला, त्यासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला होता. त्यानंतर अडीच वर्षांत राज्याच्या प्रमुखपदी जो माणूस बसला, त्याच्या आडनावाचे शेपूट तेलुगू होते. त्यांच्या निवडीवरून राजकारण झाले असेल, पण ते मराठी आहेत की नाहीत हा प्रश्न वादाचा झाला नाही. आज एखाद्या अमराठी वळणाच्या आडनावावरून समाजमाध्यमांवर जे रान पेटते, ते पाहता ही साधी गोष्टसुद्धा सांगावी लागते.

कन्नमवारांची कारकीर्द वर्षभराचीच ठरली. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. थोड्या दिवसांच्या काळजीवाहू व्यवस्थेनंतर मुख्यमंत्रिपद विदर्भातच राहिले आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या वसंतराव नाईकांकडे आले. कन्नमवारांचे नाव मुंबईकरांच्या तोंडी रोज असते, विक्रोळीतल्या कन्नमवारनगरमुळे. त्यात राहणाऱ्या किती जणांना तो माणूस कुठला होता हे ठाऊक असेल, ही वेगळी गोष्ट. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे.

अलीकडच्या काळात मुनगंटीवार यांनी अर्थ आणि वन खाती सांभाळली, येरावार राज्यमंत्री होते. २०२३ मध्ये वडेट्टीवार विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले तेव्हा समोरच्या बाकावर मंत्री म्हणून मुनगंटीवार होते. एकाच जिल्ह्यातले, एकाच प्रत्ययाचे दोघे, सरकार आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंना. वणीच्या बोदकुरवारांचे पहिले नाव संजीवरेड्डी. नावाला ‘रेड्डी’ चिकटलेला, तेलुगू रिवाजाप्रमाणे. मग वडिलांचे नाव बापूराव, अस्सल मराठी. मग आडनाव. पैनगंगेच्या दोन्ही काठांची नाव ठेवण्याची रीत एकाच माणसाच्या नावात पाहायची असेल तर ती अशी.

राजकारणाबाहेरचे एक नाव क्रिकेट पाहणाऱ्यांना माहीत असेल. यवतमाळ जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा दुर्मीळ गोलंदाज. विदर्भाने २०१८-१९ मध्ये सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला त्या संघात तो होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. ट्वेंटी-२० सामन्यात चारच्या चार षटके निर्धाव टाकण्याचा प्रकार त्याआधी कोणी केला नव्हता. सामना होता आंध्रातल्या मंगलगिरीत. आडनावाच्या माहेरीच म्हणायचे.

रोजच्या व्यवहारात याचा त्रास कुठे होतो?

कागदावर. नदीच्या दोन्ही बाजूंना सोयरीक आजही होते. तिकडून आलेल्या सुनेच्या शाळेच्या दाखल्यावर घरनाव आधी, नाव नंतर. इथल्या अर्जात ‘पहिले नाव, मधले नाव, आडनाव’ अशा तीन चौकटी. संगणकाला क्रम कळतो, रीत कळत नाही. घरनाव पहिल्या चौकटीत गेले की आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक एकमेकांशी जुळत नाहीत.

दुसरा घोळ इंग्रजीतून होतो आणि तो जास्त चिवट आहे. तेलुगूत ‘कोत्त’ म्हणजे नवा, त्यावरून कोत्तावार. इंग्रजी लिपीत ‘त’ आणि ‘ट’ला एकच अक्षर. नाव एकदा इंग्रजीत भरले आणि यंत्राने ते पुन्हा मराठीत आणले की बाहेर पडतो कोट्टावार, कधी कोटावार. ‘द’ आणि ‘ड’ची तीच गत. जोडाक्षर आले की आणखी एक शक्यता वाढते. एकाच घरात बापाचे आडनाव एका पद्धतीने आणि मुलाचे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सापडते ते यामुळे.

एरवी हे हसण्यावारी नेता येते. जात पडताळणीच्या वेळी येत नाही. तिथे आजोबांपासून नातवापर्यंत नाते सिद्ध करायचे असते आणि पणजोबांची नोंद कोतवाल बुकात एका तऱ्हेने, आजोबांची शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत दुसऱ्या तऱ्हेने, वडिलांची सातबारावर तिसऱ्या तऱ्हेने असेल, तर एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाच्या हंगामात या प्रतिज्ञापत्रांची घाई काय असते, ते तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही सेतू केंद्राबाहेर उभे राहिल्यास दिसते. जुन्या नोंदींच्या नकला आधीच काढून ठेवाव्यात, सर्व मुलांचे आडनाव इंग्रजीत एकाच तऱ्हेने लिहावे आणि बदल करायचाच असेल तर तो राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करून घ्यावा, हा त्यावरचा खटाटोपाचा पण खात्रीचा मार्ग.

घरातले तेलुगू किती उरले?

हे घराघरावर आहे. सिरोंचा, अहेरी, राजुरा या पट्ट्यात तेलुगू बाजारात ऐकू येते. वणी-मुकुटबनकडे ते बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात, देवाच्या गाण्यात आणि भाजीच्या नावांत आहे. शाळा मराठी, मित्र मराठी, आता तर हट्टाने इंग्रजी. अनेक घरांत ‘वार’ हा शेवटचा तेलुगू शब्द आहे, आणि तो तेलुगू आहे हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते.

लग्नसराईत मात्र तो उघडा पडतो. नदीपलीकडच्या पत्रिकेवर घरनावापुढे ‘वारि’ असते, म्हणजे ‘यांच्याकडचे’. अलीकडच्या पत्रिकेवर तेच घरनाव ‘वार’ लावून येते, त्यापुढे आदरासाठी ‘यांचे’, आणि अगदी खाली, निमंत्रकांच्या रांगेत, ठळक अक्षरांत ‘समस्त अमुकवार परिवार’. ‘वार’मध्ये परिवार आधीच आहे. पत्रिका छापणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि पाहुण्यांचे त्यावाचून काही अडत नाही.